ड्यूटी लिस्टवरची नावं

सकाळी 7.20

मॉर्निंगची ड्यूटी आठची. मी अर्धा-पाऊण तास आधी येते, कारण नाइटच्या सिस्टर निघायच्या घाईत नसताना त्यांच्याशी नीट बोलता येतं. त्या वेळी शेवटचे टीपीआर लिहिणं चालू असतं, कोणाचं तरी उपाशीपोटीचं रक्त काढायचं राहिलेलं असतं, वॉर्डबॉय मामा युरोबॅग रिकाम्या करत फिरत असतात. आमचा पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड, वैद्यकीय महाविद्यालयाच्या सरकारी रुग्णालयातला. खाटा 40. भाद्रपद जवळ आला की डेंगी, लेप्टो, न्यूमोनिया एकदम वाढतात आणि दोन खाटांच्या मधे जमिनीवर गाद्या पडतात. शिकवणाऱ्या रुग्णालयात 3 रुग्णांमागे 1 परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. आमच्याकडे रात्री दोघी असतात.

काल रात्री अडीचच्या सुमाराला एका रुग्णाचे नातेवाईक भांडायला उठले. आयसीयूत खाट मिळत नव्हती आणि समोर सापडल्या त्या सिस्टर. दोघींपैकी एक कायम सेवेतली, दुसरी बंधपत्रित, हिंगोलीकडची, वॉर्डात नवी. शिवीगाळ दुसरीला झाली. सुपरवायझर सिस्टरांना, निदान सिक्युरिटीला तरी फोन का केला नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, मी बॉन्डेड. माझ्यासाठी रात्रीचं कोण येणार?"

इन्चार्ज सिस्टर म्हणून माझं जे काही काम आहे, ते या एका वाक्याला उत्तर देण्याचं आहे असं मी मानते. एका वॉर्डात कायम सेवेतल्या अधिपरिचारिका असतात, शासकीय संस्थेत शिकून ठरावीक काळ सेवेचं बंधन घेतलेल्या बंधपत्रित असतात, अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर आलेल्या कंत्राटी असतात. शिवाय विद्यार्थिनी, मामा, मावश्या, एजन्सीमार्फत आलेले सफाईचे लोक. गणवेश सारखा दिसला तरी पगार, रजा आणि उद्याची खात्री प्रत्येकाची वेगळी. ही दरी बुजवणं माझ्या हातात नाही. मे 2022 मध्ये बाह्यस्रोतांतून होणाऱ्या भरतीच्या विरोधात राज्यभरातल्या परिचारिकांनी काम थांबवलं, ते याच धास्तीपोटी. पण रात्री अडीचला आपला फोन कोणी उचलेल की नाही, हे त्या मुलीच्या मनात पक्कं होतं ते आम्हा वरिष्ठांच्या रोजच्या वागण्यातून. ती आमची जबाबदारी.

घटनेचा रिपोर्ट मी तिच्या नावाने दिला नाही. वॉर्डाच्या नावाने लिहिला, खाली माझी सही केली आणि ती घरी जाण्याआधी तिला वाचून दाखवला. वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तींवरच्या हिंसाचाराविरुद्ध महाराष्ट्रात 2010 चा कायदा आहे. त्यात परिचारिका येतात, परिचर्येच्या विद्यार्थिनीसुद्धा येतात. कायम की कंत्राटी, हा प्रश्न तो कायदा विचारत नाही. सुपरवायझरांचा नंबर तिच्या मोबाइलमध्ये नव्हता. तो तिथेच घालून घेतला.

सकाळी 7.55

ओव्हर, म्हणजे एका शिफ्टने दुसरीला वॉर्ड सोपवणं. आम्ही तो टेबलाशी घेत नाही, खाटेपाशी घेतो. टेबलाशी दिलेला ओव्हर लवकर संपतो, पण त्यात सलाइन किती उरलं ते दिसत नाही, इंट्राकॅथची जागा सुजली आहे का ते दिसत नाही, आणि रुग्णालाही कळत नाही की आता आपलं कोण बघणार. खाटेपाशी उभं राहिलं की नाइटची सिस्टर रुग्णाला सांगते, "काका, आता दुपारपर्यंत या सिस्टर आहेत."

ओव्हरला मी सफाईच्या मावशींनाही थांबवते. याला सुरुवातीला विरोध झाला. मावशींचं इथे काय काम, असं वरिष्ठ सिस्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं. आज 14 नंबरच्या खाटेपाशी आलो तेव्हा चार्टवर सगळं ठीक होतं: ताप नाही, बीपी बरं, जेवण 'घेतलं'. मावशी म्हणाल्या, "काल दुपारपासनं त्यांचं ताट जसंच्या तसं उचलतेय मी. चहा पण पीत नाहीत." मधुमेहाचा रुग्ण, गोळ्या चालू, पोटात काही नाही. लगेच शुगर तपासली. 62 होती. साखरेचं पाणी दिलं, निवासी डॉक्टरांना बोलावलं, गोळी थांबवली. ताट कोण उचलतं हे ज्या ओव्हरला माहीत नाही, त्याला ही शुगर सापडली नसती.

ओव्हरमधून औषधांच्या नोंदींबरोबर आणखीही काही पुढे जातं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी त्याच रुग्णालयात हल्ला झाला. त्यानंतर 18 मे 2015 ला त्यांचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे 41 वर्षांहून अधिक काळ, केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. ज्यांनी त्यांच्याबरोबर काम केलं होतं त्या निवृत्त झाल्या. त्यानंतर ज्या आल्या त्यांनी अरुणाताईंना कधी चालताबोलताना पाहिलं नव्हतं, काहींचा तर जन्मही 1973 नंतरचा. तरी त्यांनी त्यांना आपलं मानलं. 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांची जवळची माणसं म्हणून केईएमच्या कर्मचाऱ्यांनाच मानलं. अशी बांधिलकी आदेश काढून तयार होत नाही. एकीने दुसरीला, दुसरीने तिसरीला खाटेपाशी उभं राहून ती सोपवलेली असते.

सकाळी 8.40

कामवाटप. मी शिकत होते तेव्हा बहुतेक वॉर्डांत कामं वाटली जायची: एक सिस्टर सगळ्यांची इंजेक्शनं, दुसरी सगळ्यांचं ड्रेसिंग, तिसरी टीपीआर, चौथी इंडेंट आणि रजिस्टर. मनुष्यबळ कमी असलं की आजही हीच पद्धत सोयीची पडते. पण त्यात एक गोष्ट हटकून होते. रजिस्टर वरिष्ठांकडे जातं, स्पंजिंग आणि बेडसोरचं ड्रेसिंग कंत्राटी मुलीकडे. ब्रदर असले तर सिलिंडर आणि दारू सुटल्यावर झटापट करणारे रुग्ण त्यांच्याकडे. महिनाभर असं चाललं की कोणाची जागा कुठे, हे न बोलता ठरून जातं.

म्हणून आता रुग्ण वाटून देते. फळ्यावर खाटांचे नंबर आणि पुढे नाव. त्या खाटांवरच्या माणसांचं सगळं त्या सिस्टरचं: औषध, ड्रेसिंग, तोंडाची निगा, नातेवाइकांशी बोलणं, डिस्चार्जचा कागद. माझ्या वाट्यालाही मी चार खाटा घेते. मनुष्यबळ फारच कमी पडलं तर जुन्या पद्धतीवर यावं लागतं, पण त्या दिवशी ड्रेसिंगची ट्रॉली मी स्वतः घेते. इन्चार्जने ड्रेसिंग केलेलं पाहिलं की ते हलकं काम आहे, असं म्हणायला कोणी धजत नाही.

सकाळी 9.45

राउंड. युनिटचे प्रमुख, लेक्चरर, निवासी डॉक्टर, इंटर्न, विद्यार्थी असा मोठा घोळका. सर सवयीने माझ्याकडे पाहून विचारतात, "सिस्टर, काल आउटपुट किती झालं?" मला ते माहीत असतं. तरी मी शेजारच्या सिस्टरकडे पाहते, आणि ती सांगते. पहिल्या वेळी नव्या मुलीचा आवाज फुटत नाही. मग मी आदल्या दिवशीच तिला सांगून ठेवते की उद्या 22 नंबरबद्दल तू बोलणार आहेस, काय काय सांगायचं ते लिहून आण.

यात माझं काही जात नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. इन्चार्जला वॉर्डातलं सगळं ठाऊक असतं, ही तिची प्रतिष्ठा असते आणि ती कमवायला वर्षं जातात. ती दुसरीच्या हाती देताना हात थोडा आखडतो. पण राउंडवर जी बोलली नाही, ती रात्री तीन वाजता डॉक्टरांना फोन करून "सर, श्वास वाढलाय, तुम्ही येऊन बघा" असं ठामपणे कसं सांगणार? आवाज दिवसा तयार झाला तरच रात्री निघतो.

आज 22 नंबरची सिस्टर बोलली. क्रिएटिनीन वाढतंय आणि जेंटामायसिन चालूच आहे, हे तिने सांगितलं. सरांनी कागद पाहिला, इंजेक्शन बंद केलं आणि तिला "बरं केलंत" म्हणाले. ती दिवसभर सरळ पाठीने चालत होती.

सकाळी 11.50

जेवणाआधीच्या शुगर. कंत्राटी सिस्टरांपैकी एक माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. चेहरा उतरलेला. 9 नंबरची शुगर 318 आली होती, सकाळचं 12 युनिट इन्सुलिन देऊनही. तिने परत जाऊन सिरिंजचा डबा पाहिला आणि तिच्या लक्षात आलं. आपल्याकडे इन्सुलिनच्या व्हायल बहुधा 40 युनिटच्या असतात, त्यांची सिरिंज लाल टोपणाची. स्टोअरमधून या वेळी नारिंगी टोपणाची, 100 युनिटची सिरिंज आली होती. तिच्या 12 च्या खुणेपर्यंत भरलं तर जातं 0.12 मिलि, म्हणजे पाच युनिटसुद्धा नाही. उलट घडलं असतं, 100 चं इन्सुलिन 40 च्या सिरिंजमध्ये, तर अडीचपट डोस जाऊन माणूस बेशुद्ध पडला असता.

ती गप्प बसली असती तर कोणाला कळलं नसतं. शुगर वाढली, डोस वाढवला, इतकंच कागदावर राहिलं असतं.

अशा वेळी इन्चार्जच्या तोंडून जे पहिलं वाक्य निघतं, त्यावर पुढचं वर्ष ठरतं. मी विचारलं, "रुग्ण कसा आहे?" मग दोघी मिळून खाटेपाशी गेलो, डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी वाढीव डोस लिहून दिला. सकाळपासून त्या डब्यातून कोणाकोणाला दिलं ते शोधलं. आणखी दोघे निघाले, त्यांच्याही शुगर केल्या. डबा बाजूला काढला, स्टोअरला फोन केला, शेजारच्या वॉर्डांना कळवलं. शेजारच्या वॉर्डातही तोच डबा गेला होता. नंतर घटनेचा फॉर्म भरला. त्यात तिचं नाव आहे, पण चूक कळवणारी म्हणून.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी अमेरिकेतल्या रुग्णालयांमधल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला आणि तो 1996 मध्ये प्रसिद्ध केला. चांगल्या चमूंमध्ये चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले. ज्या वॉर्डांत नेतृत्व चांगलं, माणसांचं एकमेकांशी पटतं, तिथेच नोंदलेल्या चुका जास्त. मग आकडे ठाऊक नसलेल्या एका सहकाऱ्याने त्या वॉर्डांत जाऊन निरीक्षण केलं तेव्हा उलगडा झाला. तिथल्या परिचारिका चुकांबद्दल उघड बोलत होत्या. दुसरीकडे चुका लपत होत्या, म्हणून आकडा छोटा दिसत होता. तेव्हा 'आमच्या वॉर्डात एकही चूक नाही' असं सांगणारा वॉर्ड पाहिला की मला काळजी वाटते. आपल्याकडे अजूनही चूक कळवली की आधी मेमो हातात येतो. ज्या मुलीची ऑर्डर अकरा महिन्यांची आहे, तिला त्या मेमोची किंमत आपल्यापेक्षा कितीतरी जास्त मोजावी लागते. ती बोलावी असं वाटत असेल, तर बोलण्याची किंमत आपण कमी केली पाहिजे.

दुपारी 1.10

डबे उघडले. चेंजिंग रूममधलं एकच टेबल, चार खुर्च्या, दोन स्टुलं. सहा जणींना एकदम बसता येतं, बाकीच्या वॉर्डात. कोण कोणाबरोबर जेवतं याकडे मी लक्ष देते. आमच्या सर्वांत वरिष्ठ सिस्टर गेले काही दिवस एकट्या जेवतात, सगळ्यांचं झाल्यावर.

कारण ड्यूटी लिस्ट. पुढच्या महिन्याची लिस्ट मी आज लावणार आहे आणि त्यात गणपती आहेत. आमच्या व्यवसायात माणसाला आपण या वॉर्डाचे आहोत की नाही हे कळतं ते या कागदावरून. स्वागताची भाषणं, 12 मेच्या परिचारिका दिनाचा केक, सगळं ठीक आहे. पण गौरीपूजनाच्या दिवशी नाइट कोणाची, सलग रविवार कोणाचे, बदली मागितली तर कोणाला मिळते, हे लिस्ट सांगते. पूर्वी सणाची नाइट नव्या मुलींना लागायची, त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. बॉन्डेड आहे, लहान आहे, हॉस्टेलला राहते, तिला कसला सण? त्या हिंगोलीच्या मुलीकडे महालक्ष्म्या बसतात, तिच्या आईला एकटीला सोळा भाज्यांचा स्वयंपाक होत नाही, आणि घरी जायला रात्रभराचा प्रवास आहे. तिच्याशिवाय आमच्याकडे एक मल्याळी सिस्टर आहेत. त्यांचा ओणम बहुतेक वेळा गणपतीच्या आगेमागेच येतो. इतकी वर्षं इथे नोकरी करून त्यांनी ओणमची सुट्टी कधी मागितली नव्हती. का, असं विचारलं तर म्हणाल्या, मागायची असते हेच वाटलं नाही.

आता वॉर्डात एक वही असते. ज्याला जी सुट्टी हवी ती त्यात तारखेसह लिहायची, सगळ्यांना दिसेल अशी. मावश्या आणि मामांचंही त्यातच. सणाची नाइट आळीपाळीने, मागच्या वर्षी कोणी केली ते पाहून. कायम, बॉन्डेड, कंत्राटी असा भेद नाही. जिला सुट्टी देता येत नाही, तिला लिस्ट लावण्याआधी मी स्वतः जाऊन कारण सांगते.

या हिशोबाने यंदा गौरीपूजनाची नाइट वरिष्ठ सिस्टरांवर आली. त्यांची सेवा माझ्यापेक्षा फार कमी नाही. गुडघे दुखतात. त्या म्हणाल्या, "एवढी वर्षं नाइटा काढल्या त्या कशासाठी? आम्ही नवीन होतो तेव्हा आमचं कोणी ऐकलं?" त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. जेव्हा त्या लहान होत्या तेव्हा त्यांनी सोसलं, आणि सवलत मिळायची वेळ आली तेव्हा मी नियम बदलला. त्यांना अन्याय वाटणारच. नव्यांना आत घेताना जुन्यांना बाहेर उभं केलं, तर वॉर्डाचं काहीच साधलं नाही.

मी डबा घेऊन त्यांच्यासमोर बसले. नाइट त्यांच्याकडून काढली नाही. गुडघ्यांसाठी नाइटमध्ये जमिनीवरच्या गाद्यांकडचा भाग त्यांना द्यायचा नाही, एवढं ठरवलं. आणि दुसरं एक मागितलं: नव्या मुलींना सेंट्रल लाइनची काळजी तुम्ही शिकवा, आठवड्यातून एकदा, ड्यूटीच्या वेळात, तुमच्या खाटा तेवढा वेळ मी बघते. त्यांच्या हातची सेंट्रल लाइन वॉर्डात सगळ्यांत जास्त टिकते, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या "बघते" म्हणाल्या. राग पूर्ण गेलेला नाही. जाईल याची खात्रीही मला देता येणार नाही.

दुपारी 2.15

ओव्हर चालू असतानाच 31 नंबर थांबला. न्यूमोनियाचा, पन्नाशीचा रुग्ण. दोन्ही शिफ्ट वॉर्डात होत्या हे नशीब.

परिचर्या प्रशासनाच्या पुस्तकांत नेतृत्वाच्या तीन पद्धती शिकवतात: हुकूमशाही, लोकशाही आणि मुक्त. ही विभागणी कर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत दहा वर्षांच्या मुलांच्या मंडळांवर केलेल्या आणि 1939 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून आली. परीक्षेत लोकशाही पद्धत उत्तम असं लिहून आपण गुण मिळवतो. पण हृदय थांबलेल्या माणसाच्या खाटेपाशी कोणाचं मत विचारायचं नसतं. मिनिटाला 100 ते 120 वेळा छाती दाबायची, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, अ‍ॅड्रेनलिन 1 मिलिग्रॅम दर 3 ते 5 मिनिटांनी. तिथे मी हुकूमच देते, आणि प्रत्येक हुकूम नाव घेऊन. "कोणीतरी अ‍ॅड्रेनलिन भरा" म्हटलं की कोणीच भरत नाही किंवा तिघी भरतात. नाव घेतलं की तीच भरते आणि "भरलं" म्हणून परत सांगते. नव्या मुलीचं, विद्यार्थिनीचं, मामांचं नाव पहिल्या दिवशीच पाठ करण्याचं हेही एक कारण आहे. ज्यांच्याशी एरवी माणसासारखं बोललं आहे, त्यांना आणीबाणीतला चढा आवाज अपमान वाटत नाही.

ब्रदरांनी आणि निवासी डॉक्टरांनी आलटून पालटून छाती दाबली. रुग्ण परत आला नाही.

नातेवाइकांशी डॉक्टर बोलले, सोबत मी होते. नंतर सगळ्यांना ड्रेसिंग रूममध्ये पाच मिनिटं बोलावलं. काय वेळेवर झालं, काय उशिरा झालं, सक्शनची नळी शोधायला वेळ का गेला. बोट कोणाकडे दाखवायचं नाही, ही अट. ट्रॉलीच्या तिसऱ्या खणातली नळी पहिल्या खणात आणायची, हे मामांनी सुचवलं. जीएनएमच्या पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी भिंतीला टेकून उभी होती. तिने पहिल्यांदाच मृत्यू पाहिला होता. शेवटची निगा घेताना मदत करशील का, की आज नको, असं तिला विचारलं. करते म्हणाली. मल्याळी सिस्टरांनी तिला बरोबर घेतलं, अंग कसं पुसायचं, डोळे कसे मिटायचे, हळू आवाजात सांगत राहिल्या. त्यांची ड्यूटी तेव्हा संपलेली होती.

दुपारी 3.30

मेट्रनच्या ऑफिसमध्ये. आयसीयूला आज रात्री एक सिस्टर हवी आहे, तुमच्याकडून द्या, असा निरोप होता. असं वारंवार होतं, आणि दर वेळी पाठवली जाते ती सर्वांत नवी. अनोळखी वॉर्ड, अनोळखी मशीन, तिथे तिला कोणी ओळखत नाही आणि सकाळी परत आल्यावर इथलं तिला काही ठाऊक नसतं. वर्षभर असं फिरवलं तर ती कुठल्याच वॉर्डाची होत नाही. मी कोण कधी गेली याची नोंद ठेवते आणि पाळीने पाठवते. आज पाळी एका कायम सिस्टरची होती. मॅडमनी नोंदवही पाहिली आणि काही न बोलता सही केली.

मॅडमकडे मी आणखी एक विषय काढला, आणि तो इथेही मांडते. सरकारी सेवेत अधिपरिचारिकेची परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज, होते ती सेवाज्येष्ठतेने. वीस-पंचवीस वर्षं रुग्ण सांभाळलेली बाई एका आदेशाने माणसं सांभाळणारी होते, आणि ते कसं करायचं हे कोणी शिकवत नाही. मग ती तेच करते जे तिच्या इन्चार्जने तिच्याशी केलं होतं. कित्येक वॉर्डांत आजही दिसणारा दरारा, टोमणे, लाडक्या-नावडत्यांचे गट हे असे वारशाने आलेले आहेत. वाईट स्वभावाच्या बायका या खुर्चीवर येतात, असं मला वाटत नाही. रिकाम्या हाताने येतात. पदोन्नतीच्या आदेशाबरोबर प्रशिक्षण द्यावं, एखाद्या चांगल्या इन्चार्जच्या हाताखाली महिनाभर ठेवावं, असं मी लेखी दिलं आहे. मॅडमनी ते वर पाठवते म्हटलं.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 च्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या पुस्तकात किरकोळ वाटणाऱ्या व्यवस्थापनावर एक अख्खं प्रकरण लिहिलं. तुम्ही हजर असताना जे होतं, ते तुम्ही नसतानाही व्हावं अशी व्यवस्था जमली नाही, तर बाकीची सगळी चांगली शुश्रूषा वाया जाते, असं त्या सांगतात. इन्चार्ज दिवसातले आठ-नऊ तास वॉर्डात असते, उरलेले पंधरा-सोळा तास नसते. तेवढ्या वेळात वॉर्ड चालतो तो तिथे असलेल्यांना तो आपला वाटतो म्हणून.

रात्री 9.30

घरी जेवणं झाली की एक फोन येतोच. आज ईसीजी मशीनच्या लीड सापडत नव्हत्या. इव्हनिंगच्या सिस्टरांनी मशीन चार्जिंगला लावून लीड कपाटात ठेवल्या होत्या, ते सांगितलं. फोनवर हिंगोलीचीच मुलगी होती, तिची दुसरी नाइट. वॉर्ड भरला आहे, पण शांत आहे म्हणाली. लिस्ट पाहिली का, विचारलं. पाहिली म्हणाली. महालक्ष्म्यांचे तिन्ही दिवस तिला मिळाले आहेत, त्याबदल्यात नंतरचे दोन रविवार ती करणार आहे. तिकीट अजून काढलेलं नाही, एस.टी.ला त्या दिवसांत गर्दी असते, उद्याच काढ, असं मी तिला बजावलं.

नव्याने परिसेविका होणाऱ्या सिस्टरांना माझं एकच सांगणं आहे. वॉर्डाचा चार्ज घेतलात की पहिली लिस्ट लावण्याआधी मागच्या वर्षभराच्या लिस्ट काढा. प्रत्येकीच्या, प्रत्येकाच्या नाइट, रविवार आणि सणाच्या ड्यूट्या मोजा. कायम, बंधपत्रित, कंत्राटी, मामा, मावशी, कोणालाही वगळू नका. तो हिशोब नव्या लिस्टशेजारी भिंतीवर लावा, आणि दर महिन्याला लावत राहा.